उंबरओढ्याजवळचं डांबर

पावलं पुन्हा उमटली, तेव्हा खलीलने अम्माला बोलावून घ्यायचं ठरवलं.

तोवर त्याने ती गोष्ट दाबून ठेवली होती. दिंडोरीहून वणीकडे जाणारी सडक डांबरी होत होती आणि उंबरओढ्याच्या दोन्ही अंगांचा तुकडा त्याच्याकडे होता. आयुष्यातलं पहिलंच मोठं काम. चैत्रातल्या यात्रेला गडावर जाणाऱ्या मोटारी या सडकेवरूनच गेल्या पाहिजेत, असं ओव्हरसिअर गंगाधरपंतांनी बजावून ठेवलं होतं. आधी मुरूम, मग खडी, वर पाणी मारून रोलर, खराट्यांनी धूळ झाडून उकळतं डांबर, त्यावर बारीक कच आणि पुन्हा रोलर. बाकीच्या सडकेने हे सगळं निमूट घेतलं. ओढ्याच्या उतरणीवरचा पट्टा तेवढा घेईना. तिथलं डांबर आळतच नव्हतं. संध्याकाळी टाकलेली कच ते गिळून टाकायचं आणि सकाळी परत ओलं, चकचकीत दिसायचं. रोलर वर गेला की डावीकडे कलायचा, खालून काहीतरी हळूच ओढून घेतंय तसा.

आणि त्या मऊ डांबरात पहाटे पावलं असायची.

अनवाणी माणसाची. पेठच्या रानाकडून बांधावरून ती सडकेवर चढत, मधोमध येत. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, खोल रुतलेली. कोणीतरी बराच वेळ उभं राहिल्यासारखी. मग आली तशी ती परत फिरत.

"हे माणसाचं काम नाय, शेट," लहानू मुकादम म्हणाला. तो पेठ-सुरगाण्याकडचा, त्याची टोळीही तिकडचीच. "पायाला गोणपाट गुंडाळून पण आमच्या मानसांना चटके बसत्यात."

"पहाटे गार झालेलं असतं."

"गार हाय, पण चिकटतं ना! पाय टाकला का उचलत नाय. अन् ह्यो तर उभा ऱ्हातो." लहानूने आवाज खाली आणला. "बाया काय म्हणतात ठाव हाय का? दिस कलला का ओढ्यातून हाक येते. 'ओ टांगेवाले' म्हनून. आजपासून बाया तिकडं पान्याला जायच्या नायत."

खलीलने त्याला उगीच दटावलं.  पण ती हाक त्यानेही ऐकली होती. वारा असेल, मोर असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. मोर असे शब्द उच्चारत नाहीत, हे त्याला कळत होतं.

टांगेवाले त्यांचंच घर होतं. नाशकात द्वारकेजवळ त्यांचा तबेला. खलील लहान असताना, एका भरपावसात, त्याचे अब्बा हनीफ वणीहून टांगा घेऊन निघाले. टांग्यात एकच उतारू होती. पुतळाबाई, वणीजवळच्या वाडीतली तरणी लेक, माहेरपण संपवून दिंडोरीला सासरी निघालेली. टांगा दिंडोरीला पोचला नाही. टांगा नाही, घोडा नाही, हनीफ नाही, पुतळाबाई नाही. आठवडाभर पाऊस कोसळत होता आणि तो थांबायच्या आत लोकांनी सगळं ठरवून टाकलं होतं. टांगेवाला तिला घेऊन पळाला.

फक्त खलीलने ते कधी मानलं नाही. अब्बांनी त्याला घोड्यावर पुढे बसवून गोदावरीच्या पाण्यात नेलं होतं. असा माणूस पोराला टाकून जात नाही, यावर तो वाढला होता.

*

नूरबानो सासूच्या शेजारी टांग्यात बसली होती आणि पुढे बसलेल्या नवऱ्याची पाठ बघत होती. लियाकत नाशिक सोडल्यापासून बोलला नव्हता. धाकट्या भावाने सडकेचं काम घेतल्यापासून दोघांत अबोला होता. "पक्की सडक झाली का मोटारी येणार, अन् आपले घोडे खाटकाकडं जाणार. तू आपल्याच घरावर डांबर ओततोयस," असं लियाकत त्याला भर तबेल्यात म्हणाला होता. आज आला होता तो अम्मा हटून बसल्या म्हणून.

उंबरओढ्याची उतरण दिसली आणि घोडा थांबला.

लियाकतने चुचकारलं. चाबूक नुसता हवेत वाजवला. घोड्याने कान मागे पाडले, नाक फेंदारलं, पण पुढचा खूर काळ्या पट्ट्यावर ठेवला नाही. त्याची कातडी माशा बसल्यासारखी थरथरत होती. माशी एकही नव्हती.

"डांबराच्या वासानं बुजला," खलील पुढे येत म्हणाला.

"डांबराचा वास दिंडोरीपासून येतोय," लियाकत उतरला. "इथवर कसा आला मग?"

ढकलगाड्या, पिंपं, धुराने काळी झालेली कढई, सगळं पडून होतं. टोळी लांब झाडाखाली बसली होती. कोणी काम करत नव्हतं. खलील भावाला पट्ट्याकडे घेऊन गेला. नूरबानो मागे होती म्हणून तिला दिसलं. लियाकत पावलांवर वाकला, तसाच वाकलेला राहिला, आणि मग त्याने बुटाची टाच घालून एक पाऊल रगडून पुसून टाकलं. दुसरंही पुसलं.

"काय करतो भाई?"

"कोण्या दारुड्याचे पाय. त्यापायी अम्माला इतक्या लांब आणलंस?" त्याचा आवाज चढला होता, पण चेहऱ्यावर रक्त नव्हतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्याला घाबरलेला नूरबानोने पहिल्यांदा बघितला.

संध्याकाळी चुलीला पाणी हवं होतं. बाया जाईनात, म्हणून तीच घागर घेऊन ओढ्यात उतरली. भीती तिला माहीत नव्हती असं नाही. पण जावेची, नणंदेची, दिराची अशी सगळी भांडणं ज्या घरात ती मिटवत आली, तिथे भ्यायला सवड नव्हती. ओढ्यात पाणी थोडंच होतं. ऊन भरावाच्या वरच्या दगडांवर होतं, खाली सावली. तिने घागर बुडवली. पाणी बुडबुडत आत शिरलं आणि थांबलं.

"ओ टांगेवाले..."

तिने वर बघितलं. हाक वरून आलीच नव्हती. सडकेच्या भरावातून, दगडांच्या मागून आली होती. बाईचा आवाज. रडका नाही, ओरडल्यासारखाही नाही. माणूस जवळच आहे आणि आत्ता ऐकेल, अशा भरवशाने मारलेली हाक.

"ओ टांगेवाले..."

घागर तिथेच टाकून नूरबानो वर आली. ती लियाकतसमोर उभी राहिली. "तुम्ही काय पुसलं, ते मला सांगा. आत्ता सांगा. नायतर मी अम्माला विचारते."

लियाकतने तिच्याकडे पाहिलं, मग तंबूच्या दाराशी बसलेल्या आईकडे. "डाव्या पायाला करंगळी नव्हती," तो पुटपुटला. "अब्बांची घोड्यानं तुडवली होती. मी होतो तिथं. मीच चिंधी बांधली होती."

*

पहाटे अम्मा, हाजरा, सगळ्यांच्या आधी उठून सडकेवर गेली होती. लियाकतला जाग आली तेव्हा आई काळ्या पट्ट्याच्या कडेला उकिडवी बसलेली त्याला दिसली. तो धावत गेला. पावलं नवी होती. त्यातल्या एकात हाजराने आपला हात ठेवला होता, आणि हात उचलताना डांबराचे धागे तिच्या तळव्याला लागून लांबत आले होते.

"कालचं पुसलंस तू," ती म्हणाली. "नूर बोलली मला. कशापायी पुसलं?"

"तू बघू नये म्हणून."

"मी त्या पायाला तेल चोळलंय रे. मी नको बघू?"

खलील आला, लहानू आला. पावलं कोणाची ते खलीलला कळलं तसे त्याचे डोळे पेटले. "बघ भाई! मी म्हणत होतो. अब्बा कुठं पळाले नव्हते. ते इथंच गेले. ह्या सडकेखाली हायेत ते, म्हणून ती दबते, म्हणून डांबर धरत नाय. आपल्याला हाका मारतायत. खोदू या."

"हाक बाईची आहे," नूरबानो म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"खोदायचं नाय," लियाकत म्हणाला.

"का? तुला काय भीती?"

"भीती? तू दहा वर्षांचा होतास. घरी बसून रडत होतास. ह्या सडकेवरून टांगा मी हाकला. वणीच्या बाजारात पुतळाबाईचा भाऊ, तो चिमाजी, मला बघून दर खेपेला थुंकायचा. उतारू म्हणायचे, बायामाणसं याच्या टांग्यात बसवू नका. ते सगळं गिळून मी तुम्हाला खायला घातलं. अब्बाला शिव्या देत गिळलं, म्हणून गिळता आलं. आता तू म्हणतोस, तो बिचारा इथं मरून पडलाय. मग मी इतकी वर्षं मेलेल्या बापाला शिव्या दिल्या का?"

 दोघे भाऊ समोरासमोर उभे होते आणि मधे ती पावलं होती.

"काम बंद ठेवून भागायचं नाही," मागून गंगाधरपंतांचा आवाज आला. सकाळच्या फेरीला ते सायकलवरून आले होते. त्यांना पावलांचं कोणी सांगितलं नाही. त्यांनी छत्रीच्या टोकाने पट्टा दाबून पाहिला. "खाली पोकळी आहे, खलील. मागे पुरात हा भराव वाहून गेला होता, तेव्हा वरवर दगड टाकून भरलेला दिसतो. उकरून पक्का भरल्याशिवाय इथे रोलर नेऊ नकोस, उलटेल."

"उकरतो आम्ही, साहेब," हाजरा म्हणाली. ओव्हरसिअरशी ती पहिल्यांदाच बोलत होती. मग ती लियाकतकडे वळली. "चिमाजीला घेऊन ये वणीहून."

"अम्मा, त्याला कशाला?"

"टांग्यात एकटा तुझा बाप नव्हता."

लियाकत गेला. घोडा ओढ्यातून, सडक सोडून, पाण्यातून न्यावा लागला.

तो चिमाजीला घेऊन परतला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चिमाजी टांग्यात बसलाच नव्हता. घोड्याच्या बाजूने सगळी वाट चालत आला होता. उंच, वाळलेला, पन्नाशीचा माणूस. खड्डा छातीइतका झाला होता. वरचं डांबर आणि खडी बाजूला पडली होती, खाली गोल दगड, त्याखाली निळसर चिकट गाळ. त्या गाळातून चाकाची लोखंडी धाव वर आलेली होती.

टोळीतली माणसं बाहेर निघाली होती. आत एकटा खलील होता, हातांनी गाळ काढत होता. घोड्याच्या बरगड्या सापडल्या. तबेल्यात वाढलेल्या लियाकतला त्या ओळखायला वेळ लागला नाही. तो खाली उतरला आणि भावाच्या शेजारी गुडघे टेकून उकरू लागला.

टांग्याची मागची बैठक उपडी पडलेली होती. दोघांनी मिळून ती उचलली.

खाली माणसाची हाडं होती. लहान चणीची. बैठकीचा दांडा कमरेवर आडवा आलेला. पायांच्या हाडांत चांदीचे तोडे, काळे पडलेले. एक हात वर, डोक्याच्याही वर, दगडांकडे गेलेला.

चिमाजी काठावर बसला. त्याने तोडे बघितले आणि डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"पुतळा," तो म्हणाला. "वणीच्या सोनाराकडं मीच केलते ते."

 मग खलीलने पुन्हा उकरायला सुरुवात केली. आजूबाजूचा गाळ काढला, दगड फेकले, कडक मुरूम लागेपर्यंत चारी बाजूंनी खणत गेला. त्याचे हात रक्ताळले. लियाकत त्याला थांबवायला गेला तर त्याने झटकलं.

"असतील. इथंच असतील अब्बा. पाण्यानं पुढं नेले असतील."

"बस कर, खलील," हाजरा काठावरून म्हणाली. "तो नाय तिथं."

"मग कुठंय?"

तिने सकाळी डांबर लागलेला हात त्याच्यासमोर धरला. मग ओढ्याकडे बोट केलं. पेठच्या बाजूला जाणाऱ्या पायवाटेवर, दगडांवर काळे डाग होते. एक इथे, एक तिथे, वर वर जाणारे. शेवटच्या एका दगडावर कोणीतरी पाय घासून घासून पुसला होता.

"सकाळी मी तिथवर जाऊन आले," ती म्हणाली. "मेलेला माणूस पाय पुसतो का रे?"

लियाकतला आधी शब्दांचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मात्र, भुताच्या भीतीने रात्रभर जे झालं नव्हतं ते झालं. त्या खड्ड्यात, त्या बाईच्या हाडांशेजारी, तो मटकन खाली बसला. खलील तर खड्ड्याच्या भिंतीला तोंड करून उभा राहिला होता. त्याच्या खांद्यावर लियाकतने हात ठेवला. किती तरी महिन्यांनी भावाने ठेवलेला तो हात खलीलने या वेळी झटकला नाही.

*

पुतळाबाईला ओढ्याकाठी अग्नी दिला. लाकडं लहानूच्या टोळीने आणली. दिवस कलला तेव्हा राख अजून गरम होती. सगळे तंबूंकडे गेले, पण हाजरा तिथेच थांबली आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर चिमाजी.

हाजरा त्या राखेकडे बघत होती. या पोरीला तिने काय काय म्हटलं होतं! तबेल्यात शेण काढताना, भाकरी थापताना, लोकांच्या नजरा चुकवून बाजारातून येताना. छिनाल म्हटलं होतं. तुझी हाडं कुत्री खातील, म्हटलं होतं. आणि तेव्हा ती इथे होती, हात वर करून.

ऊन भरावावरून निघून गेलं. उकरलेल्या खड्ड्यातून, जिथे आता काहीच उरलं नव्हतं, तिथून हाक आली.

"ओ टांगेवाले..."

चिमाजीचं अंग ताठ झालं. तो आवाज त्याने तिच्या लहानपणापासून ऐकला होता. 

हाजरा उठली. खड्ड्याच्या काठावर गेली. आत अंधारून आलं होतं. "ओ," ती म्हणाली. मग मोठ्याने, शेतातल्या बाईला द्यावी तशी तिने ओ दिली, "ओ गं पोरी! आले. ऐकलं मी."

ओढ्याचं पाणी वाहत होतं तेवढाच आवाज राहिला.  पुन्हा हाक आली नाही. चिमाजी आवाज न करता रडत होता.

"तो येईल," हाजरा त्याला म्हणाली. "लहानूच्या टोळीतली माणसं त्याच रानातली. इथं खोदताहेत, डांबर टाकताहेत, हे तिकडं रोज कळतंय. आज काय सापडलं तेही कळंल. पहाटे येईल तो."

"आला तर मी त्याला जित्ता सोडणार नाय, भाभी."

"ते तू बघ. पण आधी बोलू दे."

त्या पहाटे कोणी आलं नाही. खड्डा दुसऱ्या दिवशी दगड, खडी, मुरूम घालून भरला. रोलर वरून गेला आणि कलला नाही. खलीलने त्यावर डांबर ओतून घेतलं. चिमाजी गावी गेला नाही.

त्यानंतरच्या पहाटे हनीफ आला.

उजेड नुकता फुटला होता. बांधावर एक वाकलेला माणूस उभा होता, कोळसा भाजणाऱ्यांच्या अंगावर असतं तसं काळपट फडकं पांघरलेला. सडकेच्या कडेला सगळे बसलेले त्याला दिसले असणार, पण तो परतला नाही. नव्या डांबरावर पाय टाकत तो मधोमध आला आणि थांबला.  नूरबानोने लियाकतचा हात घट्ट धरला होता. खलील बापाच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"सापडली?" हनीफने विचारलं. त्याचा आवाज घासलेला, वापरात नसल्यासारखा होता.

"सापडली," हाजरा म्हणाली.

"ओढ्याला पाणी लय होतं. ती म्हणत होती, थांबू या. मी पिलेलो होतो. घोडा आत घातला." तो पायांकडे बघत बोलत होता. "भराव खचला. मी बाहेर फेकला गेलो. ती खाली अडकली होती. हाका मारत होती. माझं नाव तिला कुठं ठाव? 'ओ टांगेवाले' म्हणत होती. मी पळालो. दिंडोरीहून माणसं आणायची म्हणून पळालो. वेशीपाशी गेलो अन्... पाय पुढं जाईनात. लोक मारतील असं वाटलं. परत आलो तवर वरून सगळी माती बसली होती. हाक बंद."

"अन् आम्ही तुम्हाला शोधत होतो," लियाकत म्हणाला.

"लोक बोलायला लागले, ती पळाली माझ्यासंगं. मला वाटलं, बरं झालं. कोणी खोदायचं नाय."

चिमाजी उठला. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. तो हनीफसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना वाटलं, आता. हनीफने मान खाली घातली, अडवायला हात वर केला नाही.

"माझी आय त्या बोलण्यानं गेली," चिमाजी म्हणाला. "घरात पुतळाचं नाव घ्यायची चोरी होती. माझ्या पोरींना स्थळं येईनात."  मग त्याने दांडा बाजूला फेकला. "आज वणीचा बाजार हाय. भर बाजारात उभा ऱ्हा, अन् आत्ता बोललास ते समदं बोल. मोठ्यानं. मग पोलिसात जा, नायतर मर."

"चला," हनीफ म्हणाला.

लियाकत घोड्याकडे वळला. "टांग्यात बसवतो."

"चालत येऊ दे त्याला," चिमाजी म्हणाला.

हनीफ दोन पावलं चालला आणि थांबला. "हाजरा, मी परत येऊ का?"

तिने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस परत यावा म्हणून तिने दर्ग्यात चादरी कबूल केल्या होत्या. तोच दारात उभा राहिला तर काय बोलायचं, हे शेकडो वेळा मनात घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "आधी त्याच्यामागं जा."

चिमाजी पुढे, मागे हनीफ, आणि त्यांच्यामागे लगाम हातात धरून पायी लियाकत, असे ते वणीच्या दिशेने निघाले. घोडा या वेळी कुठे अडला नाही. खलील भावाकडे बघत उभा होता. मग त्याने लहानूला हाक मारली, कच टाकायला सांगितलं, आणि फावडं टाकून तोही त्यांच्यामागे पळाला.

हाजराने वहाणा घातल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दुसऱ्या बाजूला, दिंडोरीकडे चालू लागली. नूरबानो मागोमाग आली.

"अम्मा, इकडं कुठं?"

"पुतळाच्या सासरी. बाजारातली गोष्ट तिथवर पोचेपर्यंत कायची काय होईल कोणास ठाऊक. त्या घरी आपणच सांगायला हवं."

"ते दारात तरी उभं करतील का आपल्याला?"

"नसतील करत तर दाराबाहेरून सांगू."

 ऊन वर येत होतं. समोरून गडावर जाणाऱ्या पायी बायकांचा एक घोळका गाणं म्हणत येत होता.

"पण अम्मा, जाऊन सांगायचं काय?"

हाजराने चाल कमी केली नाही.

"सांगायचं, तुमची सून येत होती. वाटेत उशीर झाला."